अधिकारी, नेमणारा आणि नगर : न्यायाधिकाऱ्याच्या बडतर्फीचा मराठी साहित्यातील विचार

१

न्यायखाते सांभाळणारा अधिकारी अपयशी ठरला, की त्याला काढून टाका अशी मागणी होते. ही मागणी आजची नाही. राजसत्ता आणि न्यायसत्ता यांची फारकत होण्याच्या पुष्कळ आधीपासून ती होत आली आहे, आणि मराठीत तिच्याभोवती कथा, बखरी, आख्यायिका, नाटके असा बराच मोठा साहित्यव्यवहार उभा राहिला आहे. या साहित्यात त्या मागणीचा कोणता अर्थ साठवला गेला आहे, हे उलगडून दाखवणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाला निमित्त झाले ते झाशीतील एका प्रश्नाचे. येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून अध्यापन करीत असताना विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक हिंदी अनुवादातून शिकवण्याचा प्रसंग आला. नाटकातील घाशीराम कनौजचा ब्राह्मण आहे, आणि कनौज याच प्रदेशातले. तास संपत आला असता एका विद्यार्थ्याने विचारले, ‘पुण्याच्या लोकांनी कोतवालाला मारले, पण त्याला कोतवाल कोणी केले होते? त्याचे काय झाले?’ प्रश्न साधा होता. परंतु मराठी समीक्षेत या नाटकावर जो वाद अनेक वर्षे चालला, त्यात हा प्रश्न इतक्या सरळपणे क्वचितच विचारला गेला असेल. नाना फडणविसांची बदनामी झाली की नाही, याचीच चर्चा तेथे अधिक झाली. झाशीच्या विद्यार्थ्याला नानांच्या अब्रूशी काही कर्तव्य नव्हते. म्हणूनच त्याला नेमणूक आणि जबाबदारी यांचा संबंध थेट दिसला असावा.

२

प्रथम पदांविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण आजचे शब्द मागच्या काळावर लादले की घोटाळा होतो. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी जे अष्टप्रधान मंडळ सिद्ध केले, त्यात न्यायाधीश हा एक प्रधान होता आणि त्या पदावर निराजी रावजी यांची नेमणूक झाली होती. म्हणजे मराठी राज्यव्यवस्थेत न्यायाधीश हा केवळ निवाडे देणारा पंडित नव्हे, तर राजमंडळाचा सदस्य होता. आजच्या भाषेत न्यायमंत्री आणि सरन्यायाधीश या दोन्ही पदांचा काही अंश त्या एका पदात होता.

पेशवाईत ही रचना बदलली. पुण्याच्या दरबारी न्यायाधीशाचे पद शास्त्राधारे निवाडे देणाऱ्या विद्वानाकडे गेले. गावोगावचे बहुतेक तंटे मात्र पंचायतीपुढेच निकालात निघत. शहराच्या दैनंदिन बंदोबस्ताचे काम कोतवालाकडे असे. चोऱ्या, मारामाऱ्या, रात्रीची गस्त, पेठांतील किरकोळ कज्जे, बाजारभाव, वजनेमापे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, गुन्हेगारी दंड हे सारे कोतवाली चावडीच्या कक्षेत येई. सामान्य रहिवाशाला न्यायाचा जो अनुभव येई, तो न्यायाधीशाच्या आसनापेक्षा या चावडीवर अधिक येई. कोतवाल पकडी, चौकशी करी, दंड ठरवी आणि तो वसूलही करी. एवढे अधिकार एका हाती आल्यावर त्याच्याविरुद्ध तक्रार करायची ती त्याला नेमणाऱ्याकडेच करणे प्राप्त होते. पुढील साऱ्या विवेचनाचा आधार हीच गोष्ट आहे.

३

या परंपरेच्या एका टोकाला रामशास्त्री प्रभुणे आहेत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव पेशवेपदावर आले. रामशास्त्र्यांनी प्रकरणाची चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवले, आणि प्रायश्चित्त विचारले असता देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे नाही असे तोंडावर सांगून ते पुणे सोडून गेले, ही कथा बखरी आणि ग्रँट डफचा इतिहास यांच्याद्वारे मराठी मनात खोल रुजली आहे. ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले असे डफ सांगतो. रघुनाथरावांची सत्ता गेल्यावर ते पुन्हा पुण्याच्या न्यायासनावर आले आणि १७८९ साली वारले.

या कथेतील संवाद शब्दशः असाच झाला काय, हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती कथेची घडण. तिच्यात न्यायाधीशाला काढा असे कोणी म्हणत नाही. तो स्वतःच निघून जातो. जाताना कारण सांगतो. आणि ते कारण ज्याने त्याला पदावर ठेवले आहे त्याच्याविरुद्ध असते. पद सोडण्याची कृती येथे नेमणाऱ्यावरचा निवाडा ठरते. १९४४ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला तेव्हा देशात परकी राजवट होती आणि आदल्या दोन वर्षांतील दडपशाही ताजी होती. अशा वेळी प्रेक्षकांना या कथेत आपल्या काळाचा अर्थ दिसला असेल तर नवल नाही.

तथापि या आदर्शाची मर्यादाही सांगितली पाहिजे. रामशास्त्री गेले म्हणून रघुनाथरावांची सत्ता गेली नाही. ती गेली ती बारभाईंच्या राजकारणाने. न्यायाधीशाचा त्याग हा पुरावा म्हणून उरला. तो अंमलात आणण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. मराठी लेखकांनी रामशास्त्र्यांच्या तेजाचे जितके वर्णन केले, तितका या असहायतेचा विचार केलेला दिसत नाही.

४

दुसऱ्या टोकाला घाशीराम सावळदास. १७७७ साली तो पुण्याचा कोतवाल झाला. ऐतिहासिक साधनांत त्याचे मूळ वास्तव्य औरंगाबादचे सांगितले आहे. नाटकात तो कनौजचा झाला. सुमारे चौदा वर्षे तो त्या पदावर होता, आणि या अवधीतील बहुतेक काळ रामशास्त्री त्याच शहरात न्यायासनावर होते ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्या राज्यात निःस्पृह न्यायाधीश बसला आहे त्याच राज्यात कोतवाली चावडीवर जुलूम चालू शकतो. वरच्या आसनाची शुद्धता खालच्या चावडीपर्यंत आपोआप उतरत नाही.

ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस तेलंगी ब्राह्मणांचा एक समूह कोतवालाच्या हुकमाने कोंडला गेला. श्रावणातील दक्षिणेच्या निमित्ताने असे ब्राह्मण दूरदूरहून पुण्यास येत. जागा लहान आणि माणसे पुष्कळ; त्यांतील वीसाहून अधिक गुदमरून मेली. मानाजी फाकडे यांनी दार उघडविल्यावर हा प्रकार उघडकीस आला. खवळलेला समुदाय नाना फडणविसांच्या वाड्यावर गेला आणि कोतवालाला आमच्या स्वाधीन करा अशी मागणी त्याने केली. नानांनी प्रथम चालढकल केली, शेवटी मागणी मान्य केली. घाशीरामाची धिंड निघाली आणि लोकांनी दगडांनी ठेचून त्याचा अंत केला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट त्या वेळी पुण्यात होता आणि त्याच्या पत्रव्यवहारात या घटनेचा वृत्तान्त आला आहे.

नारायणरावाचा खून आणि ही घटना, दोन्ही ऑगस्टच्या अखेरीच्या, अठरा वर्षांच्या अंतराने एकाच शहरात घडल्या. पहिलीत न्यायाधीशाने राज्यकर्त्याला दोषी ठरवले आणि तो निघून गेला. दुसरीत राज्यकर्त्याने आपला अधिकारी जमावाच्या हाती दिला आणि तो स्वतः राहिला. कोतवालाची चौकशी झाली नाही. चौदा वर्षांच्या कारभाराचा हिशेब मागितला गेला नाही. दंडाच्या रूपाने गोळा झालेला पैसा कोठे गेला, कोणत्या तक्रारी कोणापर्यंत पोहोचल्या आणि तेथेच का राहिल्या, हे विचारले गेले नाही. ही उत्तरे ज्याच्यापाशी होती तो माणूसच दुसऱ्या दिवशी बोलण्यास उरला नाही. जमावाचा संताप न्याय्य होता, पण त्याने आपलाच साक्षीदार नाहीसा केला.

पुढे १८६३ साली मोरोबा कान्होबा यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे पुस्तक निघाले. जुलमी अधिकाऱ्याचे नाव एव्हाना जवळजवळ सामान्यनाम झाले होते. शंभराहून अधिक वर्षांनी तेंडुलकरांच्या नाटकाने त्या सामान्यनामाला पुन्हा माणूस केले.

५

‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम सादर केले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे. वादामुळे संस्थेने प्रयोग थांबवले. कलावंतांच्या गटाने थिएटर अकॅडमी स्थापन करून ते पुन्हा सुरू केले, आणि १९८० मध्ये नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेले. हा इतिहास परिचित आहे. येथे पाहावयाचे आहे ते नाटकाच्या रचनेकडे.

नाटकात कोतवालीची नेमणूक ही एका सौद्यातील मोबदला आहे. घाशीराम आपली मुलगी नानांच्या हवाली करतो आणि कोतवाली मिळवतो. नेमणूक झाल्यावर नाना स्वतःशी जो विचार करतात त्याचा आशय असा, की यापुढे जे पाप आपल्याकडून होईल तेही या कोतवालाच्या नावावर जमा होईल. म्हणजे अधिकारी नेमतानाच नेमणाऱ्याने आपल्या दोषाचे खाते त्याच्या नावावर उघडले आहे. शेवटी जमाव येतो, नाना हुकमावर सही करतात, आणि कोतवालाच्या मृत्यूनंतर शहरावरचे संकट टळले म्हणून उत्सवाची आज्ञा देतात. बडतर्फीचा हा सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला, हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

नाटकातील ब्राह्मणांची रांग, म्हणजे जिला आपण मानवी भिंत म्हणतो ती, या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. हीच रांग कीर्तनात डोलते, हीच रात्री बावनखणीकडे वळते, हीच कोतवालाच्या जाचाने कण्हते आणि शेवटी हीच त्याचा जीव मागते. तिच्या आड काय घडते ते ती झाकते, आणि नको तेव्हा वळून उघडेही करते. नगर हा येथे केवळ पीडित पक्ष नाही. अधिकाऱ्याच्या अपयशात नगराची सोयही मिसळलेली असते, आणि ‘काढा’ या गर्जनेत आपली ती सोय विसरण्याची संधी नगराला मिळते.

तौलनिक दृष्टीने पाहता ही रचना मराठीपुरती नाही. मॅकियाव्हेलीने ‘राजपुत्र’ या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात रेमिरो दे ऑर्को याची हकीकत दिली आहे. चेझारे बोर्जियाने बेबंद झालेला रोमान्या प्रांत ताळ्यावर आणण्यासाठी या क्रूर माणसाला सर्वाधिकार दिले. बंदोबस्त झाला, पण द्वेष वाढला. तेव्हा डिसेंबर १५०२ मध्ये चेसेना येथील चौकात एका सकाळी रेमिरोचे दोन तुकडे केलेले शव लोकांना दिसले. लोक तृप्त झाले आणि थक्कही झाले, असे मॅकियाव्हेली म्हणतो. ही त्याच्या लेखी राजनीतीतील शिकण्याजोगी युक्ती आहे. शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’ या नाटकात व्हिएन्नाचा ड्यूक ढिले झालेले कायदे कडक करण्याचे अप्रिय काम अँजेलोवर सोपवून स्वतः वेषांतर करून राहतो, आणि शेवटी परत येऊन त्याच अँजेलोचा न्याय करतो. तीनही ठिकाणी प्रतिनिधीचे अपयश हे धन्याच्या पुनरागमनाचे साधन होते. फरक लेखकाच्या भूमिकेत आहे. मॅकियाव्हेली युक्ती शिकवतो, शेक्सपिअर तिला क्षमेच्या शेवटाकडे नेतो, आणि तेंडुलकर ती उघडी पाडून थांबतात.

६

परंतु ‘काढा’ ही मागणी नेहमी पीडितांकडूनच येते असे मात्र समजू नये. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकाचा नववा अंक न्यायसभेचा आहे. गोविंद बल्लाळ देवलांमुळे हे नाटक मराठी रंगभूमीचेही झाले आहे. या अंकात राजाचा मेहुणा शकार फिर्याद घेऊन येतो. अधिकरणिक, म्हणजे न्यायाधीश, आज तुझे प्रकरण घेता येणार नाही असे कळवतो. तेव्हा शकार धमकी देतो, की मी राजाला सांगून या न्यायाधीशाला काढवीन आणि त्या जागी दुसरा बसवीन. धमकी लागू पडते. प्रकरण त्याच दिवशी ऐकले जाते, आणि निरपराध चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप शाबीत होतो.

हा न्यायाधीश दुष्ट नाही. चारुदत्त असे करील हे त्याला पटत नाही. पण समोर आलेला पुरावा त्याला डावलता येत नाही. निर्णय करणे आमच्याकडे, पुढचे राजाकडे, अशी आपल्या अधिकाराची मर्यादा तो सांगतो. ब्राह्मणाला वध नको, हद्दपारी करावी, ही त्याची शिफारस राजा पालक धुडकावतो आणि सुळाची शिक्षा फर्मावतो. अपयशी न्यायाधिकारी म्हणून बोट दाखवायचे झाले तर या अधिकरणिकाकडे सहज दाखवता येईल. शूद्रक तसे करीत नाही. नाटकाच्या शेवटी पदावरून जातो तो राजा पालक. आर्यक त्याला मारून राज्यावर येतो आणि मगच चारुदत्ताची सुटका निश्चित होते.

‘मृच्छकटिक’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ ही नाटके शेजारी ठेवली असता एक गोष्ट स्पष्ट होते. एकात नेमलेला जातो आणि नेमणारा राहतो. दुसऱ्यात नेमणारा जातो आणि नेमलेल्याचे काय झाले याकडे नाटक वळूनही पाहत नाही. न्यायसंस्थेच्या अपयशाची जबाबदारी कोठे ठेवावी, याची ही दोन उत्तरे भारतीय रंगभूमीवर फार पूर्वीपासून उपलब्ध आहेत.

७

आता झाशीकडे वळू, कारण झाशीने या प्रश्नाला तिसरी बाजू दिली आहे. पुण्याच्या कथेत घाशीराम हा उत्तरेकडून आलेला परका. झाशीत मराठे हेच परके. अठराव्या शतकात नारो शंकरापासून येथे मराठ्यांचे सुभेदार आले. पुढे सुभेदारी ज्यांच्याकडे स्थिर झाली ते नेवाळकर घराणे मूळचे कोकणातले. स्थानिक लोक या साऱ्यांना ‘दक्षिणी’ म्हणत. अधिकारी परका असला की त्याच्या दोषाला परकेपणाची जोड मिळते आणि ‘काढा’ या मागणीत ‘घालवा’ हा अर्थ नकळत मिसळतो. पुण्याच्या जमावातही तो मिसळला नसेल असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. झाशीत बसून मराठी वाचकाने हे कबूल करणे बरे. कारण येथे तो स्वतः घाशीरामाच्या जागी उभा आहे.

झाशीच्या बाबतीत ‘काढा’ असे म्हणणारा पक्ष नगराचा नव्हता, तो वरच्या सत्तेचा होता. १८३५ ते १८३८ या काळात गादीवर असलेल्या रघुनाथरावांचा कारभार वाईट झाला आणि महसूल घसरला. त्यांच्या पश्चात गंगाधररावांचा हक्क मान्य झाला, परंतु काही वर्षे कारभार इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या हाती ठेवला आणि नंतर तो गंगाधररावांकडे दिला. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. दत्तक दामोदररावांचा वारसा नामंजूर करून डलहौसीने १८५४ साली संस्थान खालसा केले, तेव्हा वारसाहक्काच्या युक्तिवादाबरोबर आणखी एक युक्तिवाद केला गेला होता. झाशीच्या प्रजेचे यात हित आहे, आणि पूर्वानुभव पाहता ते सिद्ध होते, असा तो दावा होता. गैरकारभाराचा आरोप पूर्ण खोटा नव्हता. पण आरोप करणारा, चौकशी करणारा, निकाल देणारा आणि रिकाम्या झालेल्या जागी बसणारा एकच होता. राणी लक्ष्मीबाईंनी अर्ज केले, जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. अर्ज फेटाळले गेले. अपील ऐकणारे दुसरे आसनच नव्हते.

या पार्श्वभूमीवर विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकातील झाशीचे वर्णन वाचावे. वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे आले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीतच होते. सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी आठवणी लिहिल्या, चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली त्या संपादून छापल्या आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली. बाईसाहेब दुपारी तीनच्या सुमारास कचेरीत येत, कधी पुरुषवेषात तर कधी स्त्रीवेषात. कामे ऐकून कित्येकदा हुकूम स्वतः लिहून देत, असे गोडसे सांगतात. बरुआसागराकडे चोरांचा उपद्रव वाढला तेव्हा त्या स्वतः तेथे जाऊन राहिल्या आणि बंदोबस्त करूनच परतल्या, अशीही हकीकत ते देतात.

वीरगाथेच्या ओघात या नोंदी बाजूला पडतात. वस्तुतः न्यायाच्या दृष्टीने त्या मोलाच्या आहेत. ज्या राज्यकर्तीवर अकार्यक्षमतेच्या कारणाने राज्य सोडण्याची वेळ आली होती, ती थोड्या महिन्यांसाठी पुन्हा अधिकारावर आल्यावर पहिली गोष्ट कोणती करते? ती कचेरीत बसते. हुकमावरचे अक्षर तिचे असते. चोरांचा बंदोबस्त ती एखाद्या कोतवालावर सोपवून वाड्यात राहत नाही. अपयश आले असते तर ते कोणाच्या नावावर टाकता आले नसते. गोडसे हे राजनीतीचे भाष्यकार नव्हते आणि वृद्धपणी लिहिलेल्या आठवणींत आदराचा रंग असणार, हे मान्य केले तरी त्यांच्या साध्या वर्णनातून नेमणारा आणि नेमलेला यांतील अंतर मिटवणारी एक राज्यकर्ती दिसते. पुण्याच्या नाट्यात जे घडले त्याच्या हे नेमके उलट आहे.

८

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने या जुन्या गुंत्याची विभागणी केली. न्यायाधीशाला काढण्याचा मार्ग मुद्दाम अवघड ठेवला. कलम १२४ नुसार गैरवर्तन किंवा अक्षमता शाबीत झाल्याखेरीज आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मागणी केल्याखेरीज सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला दूर करता येत नाही. शकाराच्या धमकीला दिलेले हे घटनात्मक उत्तर आहे. विधिमंत्र्याची गोष्ट वेगळी. तो पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमला आणि काढला जातो. पण कलम ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. मंत्र्याचे अपयश त्याच्या एकट्याच्या नावावर संपूर्ण टाकता येऊ नये, हा या तरतुदीचा गाभा आहे.

मराठी भाषकांपैकी दोन विधिमंत्र्यांची उदाहरणे येथे उपयुक्त ठरतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू संहिता विधेयक रखडवले जाणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. ११ ऑक्टोबर रोजी सभागृहात ते निवेदन करणार होते. त्याची प्रत आधी द्यावी असा आग्रह धरला गेला, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. येथे रामशास्त्र्यांच्या कथेची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण एक भेदही आहे. रामशास्त्र्यांचे कारण आख्यायिकेतून आपल्यापर्यंत आले. आंबेडकरांनी आपले कारण लेखी ठेवले. त्यामुळे अपयश विधिमंत्र्याचे की ज्या मंत्रिमंडळाचा तो घटक होता त्याचे, हे वाचकाला आजही कागद पाहून ठरवता येते.

दुसरे उदाहरण हरी रामचंद्र गोखले यांचे. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश असलेले गोखले १९७१ ते १९७७ या काळात केंद्रीय विधिमंत्री होते. एप्रिल १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीशांची नेमणूक झाली आणि त्या तिघांनी राजीनामे दिले. आणीबाणीत १९७६ साली बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. विधिमंत्री आपल्या पदावर राहिले. मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी एखादा मंत्री काढला नाही. सबंध सरकार बदलले. कोतवालाला स्वाधीन करा असे म्हणण्याऐवजी नगराने या वेळी हिशेब वाड्याकडे मागितला, आणि तो दगड न उचलता मागितला.

९

या साऱ्यावरून न्यायाधिकाऱ्याला काढण्याची मागणीच व्यर्थ आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. गुदमरून मेलेल्या माणसांच्या आप्तांना ‘व्यवस्थेचा विचार करा’ असे सांगणे हा क्रूरपणा होईल. अपयशी अधिकारी जाणे आवश्यक असते, आणि पुष्कळदा तातडीने आवश्यक असते. परंतु तो जाताना त्याच्याबरोबर प्रश्नही जाऊ नयेत, ही दक्षता मागणी करणाऱ्यांनीच घ्यावयाची असते. त्याला कोणी नेमले, नेमताना काय पाहिले, तक्रारी कोठे अडल्या, त्याच्या जागी येणाऱ्याच्या अधिकारात कोणता बदल होणार, आणि रिकाम्या जागेचा लाभ कोणाला, एवढे पाच प्रश्न तरी दप्तरी राहिले पाहिजेत. पुण्यात १७९१ साली ते राहिले नाहीत. झाशीत १८५४ साली ते विचारण्याचा अधिकारच कोणाला नव्हता.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांसाठी यातून एक छोटी सूचना निघते. घाशीरामाच्या कथेचे वाचन आपण बहुधा पुण्यातून करीत आलो आहोत. तीच कथा कनौजमधून, झाशीतून किंवा तेलंगणातून वाचली तर तिच्यातील माणसांची जागा बदलते. मेलेले ब्राह्मण तेलंगी होते, मारलेला कोतवाल उत्तरेकडचा होता, आणि उरलेले सारे पुण्याचे होते. ही गोष्ट मराठी वाचकाला मराठीतून सहसा सुचत नाही.

झाशीतील त्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले ते अर्थात एवढे विस्ताराने नव्हते. नाना फडणवीस १८०० साली, पदावर असतानाच, वारले, एवढे त्याला सांगितले. त्याने ते वहीत लिहून घेतले.